तालुक्यात पहिलं आलेलं चित्र

मी तेहेतीस वर्षं शाळेत शिकवलं, आणि त्यातली एकोणीस वर्षं चित्रकला. चित्रकलेची पदवी माझ्याकडे नव्हती, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कोणी बोट ठेवायला नको. आमच्या वेळी खेड्यातल्या शाळेत ज्याचा आवाज मोठा त्याच्या गळ्यात कवायत आणि ज्याचं अक्षर बरं त्याच्या गळ्यात चित्रकला, असं चालायचं. माझं अक्षर बरं होतं, एवढाच माझा गुन्हा.

आता निवृत्त होऊन रत्नागिरीत नाचण्याला राहते. वेदिका, माझ्या बहिणीची मुलगी, इथेच बँकेत आहे. दर शनिवारी माझ्याकडे जेवायला येते आणि माझ्या आमटीला नावं ठेवत दोनदा वाढून घेते. डिसेंबरातल्या एका शनिवारी ती आली ती हातात एक पत्रक घेऊनच. रत्नागिरीतले चौदा चित्रकार तीन दिवस आपापल्या कामाच्या जागा लोकांना उघड्या ठेवणार होते. वर मोठ्या अक्षरात 'दार उघडं आहे', आणि खाली बारीक टाइपात, 'या, बसा, विचारा. चहा मिळेल. चित्र विकत घ्यायचा आग्रह नाही.'

"हे शेवटचं वाक्य मला आवडलं," मी म्हटलं आणि चष्मा लावून नावं वाचायला लागले. अकराव्या नावापाशी आले आणि हातातला आमटीचा डाव खाली ठेवला. जानू लक्ष्मण तांबे, शिरगाव.

"अगो, हा माझा जानू!"

"कोण गो जानू?"

"माझा विद्यार्थी! साखरकोंडचा! तालुक्यात पहिला आलेला!"

"तो होय," वेदिका म्हणाली. "तो मला पाठ आहे. दर गणपतीत ऐकते मी त्याच्याबद्दल."

ऐकेल नाही तर काय. तेहेतीस वर्षांत माझ्या हाताखालून किती पोरं गेली असतील. कोणी तलाठी झाला, कोणी मुंबईला गिरणीत लागला आणि गिरणी बंद पडल्यावर परत आला, एक तर चक्क डॉक्टर आहे. पण चित्रात नंबर काढला तो एकट्या जानूने. चित्र काढणारा माणूस मीही घडवला, असं सांगायला माझ्याकडे तेवढं एकच नाव होतं, आणि ते मी गेली चाळीसेक वर्षं वापरून वापरून गुळगुळीत केलेलं.

खरं सांगते, त्या दिवशी मला काय हवं होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. जानूने चारचौघांत म्हणावं, या माझ्या बाई, यांनी माझ्या हातात ब्रश दिला. बस. हार नको, शाल नको. एवढं एक वाक्य कानावर पडलं की मी मरायला मोकळी, असं मी वेदिकेला बोलूनही दाखवलं. दारं उघडायच्या पहिल्याच दिवशी जांभळी इरकल नेसले, पेढ्यांचा पुडा घेतला.

"सत्काराला निघालीस की चित्रं बघायला?" वेदिका म्हणाली.

"तू गाडी काढ."

साखरकोंड म्हणजे संगमेश्वराच्या आतल्या अंगाला, घाटाच्या पायथ्याशी. मी तिथे ऐंशी साली रुजू झाले तेव्हा तेवीस वर्षांची होते. गावात दिवसाला एक एसटी यायची, ती आली की मास्तरसुद्धा शिकवायचं सोडून खिडकीतून बघायचे. शाळा चार खोल्यांची. शुक्रवारी दुपारी चित्रकलेचा तास, आणि आख्ख्या वर्गात मिळून बारा वड्यांची एक रंगपेटी. त्यातला लाल कधीच पुरायचा नाही. मग पोरं जांभा दगड पाण्यात घासायची आणि तो रंग लावायची. हिरव्याला टाकळ्याचा पाला. निळा मात्र जपून, आभाळाच्या एका कोपऱ्यात लावायचा आणि पुढे पाण्याने ओढत न्यायचा. ओल्या कागदांचा, मातीचा आणि पोरांच्या घामाचा तो वास अजून कधी कधी झोपेतून उठताना येतो. इतकं सुख मी नंतर कुठल्या शाळेत भोगलं नाही.

जानू बौद्धवाडीतला. बारा वर्षांचा, काडीसारखा, पण हातात जादू. पेन्सिल इतकी दाबायचा की मागच्या पानावर आख्खं चित्र उमटायचं. मी ओरडायचे, "अरे, कागदावर काढतोयस की पाट्याला टाकी लावतोयस?" एक्याऐंशी साली तालुक्याची स्पर्धा लागली. विषय, 'आमच्या गावचा सण'. जानूने शिमग्याच्या पालखीचं चित्र काढलं. मी त्यावर थोडा हात फिरवला, आणि चित्र तालुक्यात पहिलं आलं. सभापतींच्या हस्ते कंपासपेटी मिळाली. चित्राला काच लावून ते हेडमास्तरांच्या खोलीत टांगलं. साहेब तपासणीला आले की हेडमास्तर आधी ते चित्र दाखवायचे आणि मग हजेरीपट.

आता कोणी म्हणेल, हात फिरवला म्हणजे काय? तर त्या काळी सगळ्याच शाळांत फिरायचा. स्पर्धेला जाणारं चित्र पोराने काढायचं आणि बाईंनी किंवा गुरुजींनी ते नीटनेटकं करायचं, ही रीतच होती. परीक्षकांनाही ठाऊक असायचं. ते स्वतः कुठल्या तरी शाळेत तेच करत असायचे. थोडक्यात, स्पर्धा आमची आमच्यातच असायची, आणि बक्षिसाला स्टेजवर पोरं चढायची.

शिरगावला जायच्या आधी वेदिकेने मला मिरकरवाड्याजवळच्या एका जुन्या बर्फाच्या गोदामात नेलं. पत्रकावरचं ते तिसरं नाव. समर्थ म्हणून दाढीवाला तरुण. त्याने निवडणुकीचे जुने फ्लेक्स गोळा करून, कापून, एकमेकांना शिवून छताइतकं मोठं शीड केलं होतं. चेहरे, नावं, चिन्हं सगळं कापून टाकलेलं. शिल्लक काय, तर फक्त जोडलेले हात. शे-दीडशे नमस्कार, सगळे आपल्याकडे तोंड करून.

आमच्या आधी कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घातलेले एक गृहस्थ उभे होते. त्यांनी बराच वेळ बघून विचारलं, "यात आमच्या साहेबांचे हात कुठले?"

"तेच मलापण ओळखता येईनात," समर्थ म्हणाला.

गृहस्थ हसावं की रागवावं या विचारात निघून गेले. वेदिका तोंडावर रुमाल धरून हसत होती. मला मात्र राहवेना. मी म्हटलं, "बाळा, हात चांगला आहे तुझा. पण चित्रात राजकारण कशाला? चित्र बघून माणसाला बरं वाटलं पाहिजे."

"आजी, हे फ्लेक्स माझ्या घरासमोर लावले तेव्हा मला बरं वाटतंय का म्हणून कोणी विचारलं नव्हतं. चार महिने आमच्या खिडकीत ऊन आलं नाही."

"म्हणून काय झालं? सगळ्याचं उट्टं चित्रातच काढायचं?"

तो हसला आणि म्हणाला, "मग कुठे काढू?" मी त्याच्या चहात साखर जास्त आहे असं सांगितलं आणि बाहेर पडले.

वाटेत वेदिका गाडीवरून मागे मान वळवून म्हणाली, "मावशी, तू हरलीस हां."

"पुढे बघ. माणसं मारशील."

पण मला खरोखरच तसं वाटायचं. गावात राहायचं तर शाळा शाळेच्या जागी आणि गावकी गावकीच्या जागी. कोणाला दुखवायचं नाही. चित्रात डोंगर, सूर्य, होडी. यात कोणाचं काय जातं? मी ते चांगल्या मनानेच शिकवलं होतं.

शिरगावात जानूचं घर सापडायला वेळ लागला नाही. कंपाउंडला एसटीच्या पाट्या टांगल्या होत्या. 'रत्नागिरी–देवरुख', 'हेदवी', 'आरे-वारे मार्गे'. तो एसटीच्या कार्यशाळेत पेंटर होता, एवढं मी उडत उडत ऐकलं होतं. मागची पडवी पत्रा टाकून वाढवलेली, तीच त्याची कामाची जागा. टर्पेंटाइनचा वास. दारात चपलांचे पाच-सहा जोड.

तो ब्रश पुसत होता. केस पांढरे, पोट थोडं सुटलेलं, पण मान तशीच एका बाजूला कललेली. मी दारातूनच म्हटलं, "तांबे, उभा राहा!"

तो खरंच उभा राहिला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं आणि ब्रश ठेवला. "बाई," एवढंच म्हणाला. हात जोडले, खुर्ची आणली, आपल्या टॉवेलने ती पुसली. आतून एक मुलगी आली, तिला म्हणाला, "श्रुती, या सुर्वेबाई. साखरकोंडच्या." माझ्याकडे वळून म्हणाला, "ही माझी मुलगी. मुंबईला चित्रकलेच्या कॉलेजात आहे. हे दार उघडायचं खूळ हिचंच."

मी वाट बघितली. आता पुढचं वाक्य येईल, आता येईल. नाही आलं. दुसरी माणसं होती, त्यांना काही विचारायचं होतं, तो तिकडे गेला. मी म्हटलं, येईल. घाई काय आहे.

तोवर चित्रं बघावीत म्हणून उठले. नऊ मोठी चित्रं होती, आणि नऊच्या नऊ एकाच गोष्टीची. लांब मागे शेतात शिमग्याची पालखी, काडेपेटीएवढी. तिच्याभोवती ठिपक्यांएवढी माणसं. पुढे भाताचा वाळका मळा आणि मळ्याचा बांध. बांधावर एक बाई, डोक्यावर लाकडाची मोळी. पालखी वाटेवरून जाईस्तोवर खोळंबून उभी राहिलेली. बाई आख्ख्या चित्राएवढी. पायांच्या भेगा दिसताहेत, पदराला लागलेली कुसळं दिसताहेत. चेहरा मात्र नाही. मोळीची सावली तोंडावर पडलेली आणि त्या सावलीत नाक नाही, डोळे नाहीत. नऊ चित्रांत नऊ वेळा.

मास्तरकीची सवय वाईट. जानू जवळ येताच मी सुरू झाले. "छान आहे रे. जांभ्याचा रंग बरोबर पकडलास. पण चेहरा राहिला. आणि पालखी एवढी लांब? पालखी मध्ये हवी. हा उजवा कोपरा बघ, मोकळा पडलाय, इथे एखादं..."

आणि मी बोट वर करून हवेत झाड काढलं. खोड, झावळ्या, अगदी सवयीने.

श्रुती बघत होती. ती म्हणाली, "म्हणजे तुम्हीच का त्या झाडांच्या बाई?"

"श्रुती, चहा टाक," जानू म्हणाला.

"घरात आम्ही तसंच म्हणतो," ती मला म्हणाली. उद्धटपणा नव्हता तिच्या बोलण्यात, खरंच तिला नवल वाटलं होतं. "झाडांच्या बाई. मला वाटायचं, तुम्ही कधीच्या गेल्या असाल."

ती आत गेली. माझं बोट अजून हवेतच होतं, ते मी खाली घेतलं. आणि तेव्हा मला ते चित्र आठवलं. काचेतलं नव्हे, त्याच्या आधीचं. एका बुधवारी जानूने पेन्सिलने काढून माझ्या टेबलावर ठेवलेलं. त्यात पालखी लहान होती आणि बांधावरची मोळीवाली मोठी. मी हेडमास्तरांना दाखवलं. ते म्हणाले, "बाई, हे तालुक्याला पाठवायचं? पालखी कोपऱ्यात आणि हे मध्ये? सभापती बक्षीस द्यायला येणार. गावकरी विचारतील, शाळेत राजकारण शिकवता का?" मला त्यांचं पटलं. मी खोडरबर घेतलं आणि ती बाई खोडली. पालखी मध्ये आणून मोठी केली. बाईच्या जागी दोन नारळाची झाडं आणि त्यांच्यामधून समुद्र. साखरकोंडातून समुद्र पंचेचाळीस किलोमीटर, पण परीक्षकांना समुद्र आवडतो. मग कागद जानूला दिला आणि म्हटलं, आता छान रंगव. त्याने रंगवला होता.

"जानू," मी म्हटलं, "अरे, तेव्हा तसंच होतं. हेडमास्तर घाबरले. मीही नवीन होते. शाळेत राजकारण नको एवढाच..."

"मी राजकारण कुठे काढलं होतं बाई?" तो म्हणाला. "मी आई काढली होती."

वेदिका माझ्या शेजारी उभी होती. तिने माझा दंड धरला.

तो स्टूल ओढून माझ्यासमोर बसला आणि सांगायला लागला, आवाज न चढवता. शिमग्याच्या दिवशी आई मोळी घेऊन रानातून येत होती. वाटेवर पालखी आली. त्यांच्या वाडीने धर्म बदललेला, त्यामुळे त्यांना पालखी नको आणि पालखीला ते नकोत. पण वाट एकच. ती बांधावर चढून तासभर उभी राहिली. मोळी खाली टाकली तर परत डोक्यावर चढवायला दुसरं माणूस लागतं, म्हणून डोक्यावर तशीच. जानू पालखीमागे नाचणाऱ्या पोरांकडे लांबून बघत होता, त्याला ती दिसली. दुसऱ्या दिवशी त्याने तिला घरामागे फणसाखाली परत मोळी घेऊन उभी केली. ती हसायला लागली. म्हणाली, "मेल्या, मान मोडेल माझी. लवकर काढ." पण उभी राहिली. चित्र पुरं होईस्तोवर हलली नाही.

"पुढच्या वर्षी श्रावणात तापाने गेली," तो म्हणाला. "तिचा फोटो नाही. एकही नाही. फोटो काढायला देवरुखला जावं लागायचं, कोण जाणार? मी मोठा झाल्यावर आठवलं, चित्र आहे की शाळेत. झाडांच्या खाली. मी पेन्सिल दाबून काढायचो, तुम्ही ओरडायचात. म्हटलं, रेघा खोडल्या तरी कागदात खड्डे राहिले असतील. तिरप्या उजेडात धरलं तर नाक-डोळे मिळतील. नव्व्याण्णव साली रजा काढून गेलो. खोलीचं छप्पर बदललेलं. चित्राला वाळवी लागली म्हणून टाकून दिलं होतं."

एवढी वर्षं मी त्या चित्राची गोष्ट सांगत होते. लग्नकार्यात, बसस्टँडवर, दवाखान्यात रांगेत बसून. काय केलं मी हे, असं मनात आलं आणि आपल्या तोंडाचीच लाज वाटली.

"बाई, एक विचारू?" जानू म्हणाला. त्याने मान माझ्याकडे झुकवली, आणि एकदम तो मला बारा वर्षांचा दिसला. "तुम्ही तिला बघितलं होतं. तुमच्या खोलीवर दर शनिवारी तीच मोळी टाकायला यायची. हौसा. वडील गेले, काकी गेली, वाडीतली जुनी माणसं राहिली नाहीत. माझ्या डोळ्यांसमोर ती येते, पण चेहरा आला म्हणेस्तोवर जातो. तुम्हाला आठवतो?"

हौसा. हो, यायची. मी गावात एकटी राहायचे, चुलीवर स्वयंपाक. दोन वर्षं तिच्या लाकडांवर माझा भात शिजला. मी डोळे मिटले आणि जिवाच्या आकांताने आठवायला लागले. अंगणातली तुळस आठवली. शनिवारची सकाळची शाळा आठवली. "बाय, मोळी टाकलीय," हा आवाज लख्ख आठवला, थोडा घोगरा, शेवटी वर जाणारा. हिरवं लुगडं आठवलं. मोळीची दोरी सोडणारे हात आठवले, डाव्या हाताच्या अंगठ्याचं नख काळं होतं. आणि चेहरा? मी पुन्हा पुन्हा त्या अंगणात गेले. ती कधी पायरी चढली नव्हती, मी कधी चढ म्हटलं नव्हतं. मी आतूनच म्हणायचे, "टाक तिकडे." दार किलकिलं करून. कधी ओल्या केसांनी, कधी हातातल्या पुस्तकात बोट घालून.

मी खोटं बोलू शकले असते. नाक सरळ होतं, कपाळावर गोंदण होतं, तुझ्यासारखीच मान कलती होती, असं सांगितलं असतं तर त्याने पेन्सिल घेतली असती. जिभेवर आलंही होतं. त्याला काहीतरी देऊन टाकावं, मोकळं व्हावं, असं फार वाटलं. पण एकदा त्याच्या आईच्या जागी मी माझ्या मनाचं काढलं होतं, तेवढं पुरे होतं.

"नाही रे आठवत," मी म्हटलं. "आवाज आठवतो, हात आठवतात. चेहरा नाही. मी तिच्याकडे कधी बघितलंच नव्हतं, जानू. दोन वर्षांत एकदाही नाही." आणि मला रडू फुटलं, वेदिकेसमोर, अनोळखी माणसांसमोर. पदर तोंडाला लावून मी रडले. कोणाला दाखवायला नव्हे, आवरतच नव्हतं.

जानू म्हणाला, "नाही म्हणालात ते बरं केलंत. गावात तिघांनी सांगितला चेहरा. तिघांच्या तीन बायका निघाल्या." त्याने श्रुतीच्या हातून कप घेऊन माझ्या हातात दिला. "हात कसे होते ते सांगा."

मी सांगितलं. काळं नख सांगितलं. तो थबकला आणि म्हणाला, "कोयता लागला होता तिला. मी विसरलो होतो." कागदाच्या कपट्यावर त्याने ते लिहून घेतलं.

"तू माझ्यावर रागावलायस का रे?" मी विचारलं. म्हातारपणी माणूस लहान पोरासारखं विचारतं.

"होतो. अजून आहे थोडा," तो म्हणाला. "खोटं कशाला सांगू? चहा घ्या, निवेल."

मी चहा घेतला. तेवढ्यात पुण्याकडचं एक कुटुंब आत आलं, दोन लहान मुली आणि गळ्यात कॅमेरा अडकवलेले गृहस्थ. त्यांनी चित्रांवरून नजर फिरवली, मग माझ्याकडे पाहिलं आणि जानूला विचारलं, "या कोण, आई का तुमच्या?"

"नाही," जानू म्हणाला. "शाळेतल्या बाई आहेत माझ्या."

"अरे वा! म्हणजे गुरू! यांनीच तुम्हाला चित्रकला शिकवली तर!" त्यांनी कॅमेरा वर केला. मुलींना म्हणाले, "बघा गं, या बाईंनी यांना घडवलं."

जानू ब्रश पुसत खाली बघत राहिला. ते वाक्य मला हवं होतं ना, ते असं समोर आलं, आयतं, चारचौघांत. नुसतं हसून मान हलवली असती तरी चाललं असतं.

"नाही हो," मी म्हटलं. "हा बारा वर्षांचा होता तेव्हा याने आपल्या आईचं चित्र काढलं होतं. ते मी खोडलं."

गृहस्थ हसले. म्हातारी गंमत करते आहे, असं त्यांना वाटलं असावं. म्हणून मी खुर्चीवरून उठले आणि तेच परत सांगितलं, वर्गात सांगायचे तसं, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात.